सिलिंडरमधला पाऊस

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर मारायचा छर्रा साडेचार मिलिमीटरचा, वजनाला जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. दहा मीटर कापायला त्याला सेकंदाचा सतरावा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. सायटी या हिशेबानंच लावलेल्या असतात. आता वेग १७० वरून १६० वर आला, तर तो १९ मिलिमीटर खाली येणार. फरक दोन मिलिमीटरचा. पण या लक्ष्यावर केंद्रापासून दर अडीच मिलिमीटरला एक गुण जातो. म्हणजे १०.५ ची गोळी ९.७ होऊन बसते. पोरीचा श्वास बरोबर, नजर बरोबर, ट्रिगरवरचं बोट बरोबर. कमी पडली ती मागची हवा.

ती हवा सांभाळणं हे माझं काम. कोल्हापुरातल्या एका रेंजवर मी वेपन दुरुस्तीचं बघतो. त्याआधी उद्यमनगरात हायड्रॉलिक पंपांच्या सिलांवर वर्षानुवर्षं हात काळे केले, त्यामुळे दाबाचं भय मला कधी वाटलं नाही. दाब हिशेबात बसतो. गेज असतं, धातूची जाडी ठरलेली असते, तपासणीची तारीख अंगावर ठोकलेली असते. रेंजवर आल्यावर मी धास्ती घेतली ती पाण्याची. आपल्याकडे एअर वेपनं बिघडतात ती बहुतेक पाण्यापायी, आणि ते पाणी आपण स्वतःच्या हातानं, हवा म्हणून, आत भरत असतो.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एअर रायफल आली, १९८८ ला सोलमध्ये एअर पिस्तूल आलं. त्या काळातली बरीच वेपनं एकतर स्प्रिंगवर चालायची, नाहीतर बाजूचा दांडा एकदा ओढून तेवढ्याच गोळीपुरती हवा दाबायची. दर गोळीला ताजी हवा, साठवणूक नाहीच. अशी दांड्याची एक रायफल आमच्याकडे अजून आहे आणि नवशिक्या पोरांना मी तीच देतो. वर्षातून एकदा सील बदललं की ती गप काम करते. पण साठ गोळ्यांच्या मॅचमध्ये साठ वेळा दांडा ओढायचा म्हणजे खांदा उठतो आणि दर वेळी बसलेली पोझिशन मोडते. म्हणून गॅस आला. आधी कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सीओटू, आणि १९९० च्या दशकात त्याची जागा दाबलेल्या हवेनं घेतली.

कार्बन डायऑक्साइड का गेला, हे कोल्हापूरच्या उन्हाळ्यात फार लवकर कळतं. सिलिंडरात हा वायू द्रवरूपात बसलेला असतो आणि वर त्याची वाफ. वाफेचा दाब तापमानावर ठरतो: २० अंशांना साधारण ५७ बार, ३० अंशांना ७२. द्रव शिल्लक आहे तोवर, आत थोडा असो की पुष्कळ, दाब तोच. त्यामुळे गेज बघून साठा कळतच नाही. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरात १४.२ किलो आहेत का हे जसं काट्यावरच समजतं, तसा हाही वजनावर भरावा लागतो. आणि ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहायला तयारच नसतो, कितीही दाबा. मार्च लागला की आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वाजताच ३१ ओलांडतात. मग आत जितकं वजन भरलंय त्या मानानं दाब भराभर चढतो. सकाळच्या डिटेलला, म्हणजे तुकडीला, लावलेली सायट दुपारच्या डिटेलला उपयोगाची राहत नाही. उलट लागोपाठ गोळ्या मारल्या की द्रव उकळता उकळता सिलिंडर गार पडतं आणि वेग उतरतो. आमच्या कपाटातली जुनी सीओटू पिस्तुलं उत्तम घडणीची आहेत, ट्रिगर आजही लोण्यासारखा, पण उन्हाळ्यात मी ती बाहेर काढत नाही. भरताना छोटं सिलिंडर आधी फ्रिजमध्ये गार करून घ्यायचं, वजन करायचं, भरायचं, पुन्हा वजन करायचं. जास्त झालं तर सोडून द्यायचं, कारण द्रवानं काठोकाठ भरलेलं सिलिंडर तापलं तर दाबाला धरबंद राहत नाही. एवढं सगळं करणारा माणूस रोज हजर असेल, तरच सीओटू ठेवावा.

कॉलेजची पोरं कधी कधी एअरसॉफ्टची पिस्तुलं घेऊन येतात आणि विचारतात, “काका, यात कुठला गॅस बरा?” हा खेळ जपानातला, आणि तिथेही प्रश्न तापमानाचाच. ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात सिलांसाठी थोडं सिलिकॉन तेल. २० अंशांना दाब आठ बारच्या थोडा वर. जपानात प्लास्टिकच्या स्लाइडसाठी अनेक वर्षं वापरला गेलेला १३४ए हा गॅस त्याच तापमानाला सहाच्या आत राहतो. सीओटूची १२ ग्रॅमची कुपी या दोघांच्या कितीतरी वर. मी पोरांना सांगतो, आधी तुमची स्लाइड आणि व्हॉल्व्ह कोणत्या गॅससाठी घडवलेत ते बघा, मग आपल्याकडचं ऊन त्यात मिळवा. गार देशात सौम्य वाटणारा गॅस मे महिन्यात सौम्य राहत नाही. मॅगझिन ठेवून देताना आत थोडा गॅस राहू द्या, म्हणजे सिलं जागेवर बसलेली राहतात. आणि घरच्या शेगडीच्या सिलिंडरातून भरायचा विचारसुद्धा मनात आणू नका. त्यात ब्यूटेन मिसळलेला असतो, वासाचं द्रव्य असतं, सिलांना लागणारं तेल नसतं, आणि बंद खोलीत गळला तर ठिणगीची वाट बघत बसतो. हे मी हसून सांगत नाही, त्यामुळे पोरं ऐकतात.

हवेचं तसं नाही. २०० बारलाही ती हवाच राहते, म्हणून गेजवरचा आकडा साठ्याचा खरा आकडा असतो. सिलिंडरापुढचा रेग्युलेटर तो दाब खाली आणतो आणि दर गोळीमागे सारखी मात्रा देतो. रायफलच्या एका भरणीत दोन मॅच आणि सराव सहज निघतो. उष्णतेचा परिणाम इथेही होतो, पण तो कागदावर मांडता येतो. पोरांना भरायची घाई असते. मोठ्या सिलिंडराचा व्हॉल्व्ह झटकन उघडला की छोटं सिलिंडर हाताला चटका देईल इतकं तापतं. गेज २०० दाखवतं, पोरगं खूश होऊन निघून जातं आणि तासाभरानं परत येतं, “काय ओ काका, मघाशी दोनशे होतं की! गळतंय वाटतं.” गळत काही नसतं. ५० अंशांना २०० असलेली हवा ३० अंशांवर आली की १८८ होते. म्हणून व्हॉल्व्ह केसभर उघडायचा, हवा कानाला जेमतेम ऐकू येईल इतकी सोडायची, मधे थांबायचं, हात लावून बघायचं. आणि उलटा हिशेबही ध्यानात ठेवायचा. एसी खोलीत २२ अंशांना २०० भरलेलं सिलिंडर उन्हातल्या गाडीत ५५ अंशांना २२० च्या वर जातं. सिलिंडर तेवढं सोसतं, पण रोज सोसायला लावू नये. उन्हाळ्यात मी १८० वर थांबतो.

आता हवा आणायची कुठून, हा पुढचा प्रश्न. ज्याला जवळपास रेंज नाही तो हातपंप घेतो. पैसेवाला छोटा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर घेतो. आणि मधूनच कुणीतरी शक्कल काढतो. एक गृहस्थ घरातल्या आजारी आजींसाठी आणलेलं ऑक्सिजनचं सिलिंडर रिक्षात घालून रेंजवर आले होते. म्हणाले, “हवाच की काका, उलट जास्त शुद्ध.” त्यांना खुर्चीवर बसवून, चहा देऊन, नीट समजावून सांगितलं. दीडशे-दोनशे बारच्या ऑक्सिजनसमोर ग्रीसचा एक ठिपका पुरतो. तो पेटतो आणि त्याच्याबरोबर रबराची रिंग पेटते. हे पेटणं चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतं, कारण रायफल गालाला लावूनच मारतात. रंग ओळखायला शिका, एवढं मी प्रत्येक पालकाला सांगतो. काळं सिलिंडर, मान पांढरी, म्हणजे दवाखान्याचा ऑक्सिजन. पूर्ण काळं म्हणजे कारखान्याचा. राखाडी म्हणजे हवा, राखाडी आणि मान काळी म्हणजे नायट्रोजन. सीओटूचंही अंग काळं, मान पांढरी, म्हणून नुसत्या रंगावर विसंबायचं नाही. अंगावरचं नाव वाचायचं. नाव वाचता येत नसेल तर त्या सिलिंडराला हात लावायचा नाही.

तर पाणी. कोल्हापुरात आषाढात हवा २५ अंशांची आणि जवळजवळ संपृक्त असते. तिच्या एका घनमीटरात वीस-एकवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. १२ लिटरचं मोठं सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचं म्हणजे २४०० लिटर, जवळपास अडीच घनमीटर हवा आत कोंबायची. तिच्याबरोबर पन्नास ग्रॅम पाणी येतं. चहाचा अर्धा कप. आणि वाफ धरून ठेवायची ताकद जागेच्या मापावर असते, दाबावर नाही. १२ लिटरच्या जागेत त्या तापमानाला पाव-अर्धा ग्रॅम वाफ मावते. बाकी सगळं पाणी होऊन खाली बसतं, जर वाटेत कुणी काढून घेतलं नाही तर.

वाटेत काढून घेणं हेच कॉम्प्रेसरवरचं निम्मं काम. आमचा कॉम्प्रेसर तीन टप्प्यांत हवा दाबतो. दर टप्प्यानंतर ती गार होते आणि पाणी सुटतं. ते पाणी खालच्या ड्रेनमधून काढावं लागतं. उन्हाळ्यात ड्रेन उघडला तर नुसती फुस्स होऊन हवा येते. जुलैत उघडला की आधी भुसभुस आवाज, मग दुधाळ, तेलकट, कोमट पाण्याची चूळ, कपड्यावर उडालं तर डाग धुऊन जात नाही असं. वासावरून तेल किती मिसळलंय ते कळतं. हे पाणी मी पारदर्शक बाटलीत धरतो, फेकत नाही, म्हणजे दर भरणीला किती निघालं ते डोळ्यांना दिसतं. जितकं निघायला हवं त्याहून कमी निघालं, तर ते कुठेतरी पुढे गेलंय. उरलेली वाफ शोषायला शेवटी मॉलिक्युलर सीव्ह आणि कोळशाची नळी असते. ती नळी किती तास चालते याचा आकडा पुस्तकात दिलेला असतो, पण तो गार, कोरड्या खोलीचा. पावसाळ्यात मी तो आकडा निम्मा धरतो. कॉम्प्रेसर भिंतीला खेटून ठेवला आणि तो स्वतःच्याच तापलेल्या हवेत चालला, तर निम्म्याहूनही कमी, कारण गरम हवा जास्त वाफ पुढे नेते. हे मला शिकवलं मालवणातल्या एका स्कूबा फिलिंगवाल्यानं. समुद्राच्या काठावर, आपल्याहून दमट हवेत, ती माणसं हीच हवा भरतात, आणि ती कुणाच्या तरी फुप्फुसात जाणार असते. त्यांच्या कामातली शिस्त बघायला मी आवर्जून गेलो होतो. रेंज चालवणाऱ्या प्रत्येकानं जावं.

ऑगस्ट २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं आणि त्याच्या राधानगरीकडून पोरांची रीघ लागली. त्याचा प्रकार ५० मीटर रायफलचा, पण सुरुवात सगळ्यांची दहा मीटरच्या एअर रायफलवरच होते. त्यात एक मुलगी होती. धरणाच्या वरच्या अंगाला तिचं गाव, वडिलांनी वापरलेली रायफल घेऊन दिलेली, आणि रोज संध्याकाळी ते स्वतः पडवीत बसून हातपंपानं सिलिंडर भरायचे. त्या गावात पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात. मुलगी चांगली होती, फार चांगली, पण दर वेळी थोडं थांबून मारलेली पहिली गोळी वर जायची. कोच म्हणाले, मनाचं आहे, थांबली की विचार करते. मला ते पटलं नाही. मन दर वेळी त्याच दिशेला चुकत नाही.

रायफल वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर घेतली. पाच मिनिटं ठेवून मारली: १७९. लगेच पुन्हा: १७२. पुन्हा: १७१, १७१. परत पाच मिनिटं ठेवली: १७८. म्हणजे रेग्युलेटर पूर्ण मिटत नव्हता, आणि रायफल नुसती पडून असताना पुढच्या कप्प्यात दाब हळूहळू चढत होता. हवा सोडली, सिलिंडर काढलं, पांढऱ्या कागदावर उलटं धरून ठोकलं. कागदावर राखाडी-पांढरी पूड पडली. अॅल्युमिनियमला पाणी लागून धरलेली. हातपंपानं पाव लिटरचं सिलिंडर भरलं तर पावसाळ्यात दर भरणीला ग्रॅमभर पाणी आत जाऊ शकतं. दोन पावसाळे ते असंच चाललेलं. रेग्युलेटर खोलून भिंगाखाली धरला तर बसकीवर त्या पुडीचा एक कण रुतलेला, साध्या डोळ्यांना दिसणारही नाही इतका. त्याच्यामुळे बसकीवर केसासारखी चर पडली होती.

बसकी बदलली, रिंगा बदलल्या. त्या मी गावातल्या बेअरिंगच्या दुकानातून आणत नाही, माप तेच असलं तरी. रबराचा कडकपणा वेगळा असला की रिंग दाबाखाली फटीत चिरडते. सीओटूच्या वेपनाला तर साधं नायट्राइल रबर चालतच नाही. गॅस रबरात मुरतो आणि दाब सोडला की रिंग फुगून तिला फोड येतात. ग्रीस सिलिकॉनचं, बोटाला लागलंय की नाही असं वाटेल इतकं. खनिज तेल कधीच नाही. दाबलेल्या हवेत ते पेट घेऊ शकतं, आणि जास्त झालेलं ग्रीस व्हॉल्व्हमध्ये जाऊन वेग खाली आणतं. सगळं जोडून बादलीत बुडवून बुडबुडे बघितले, पुसून, वाळवून क्रोनोग्राफवर घेतली. १७१, १७२, १७१. पाच मिनिटांनी १७१. मुलगी शेजारीच उभी होती. तिनं आकडे वाचले आणि वडिलांकडे बघून म्हणाली, “बघा आप्पा, मी थांबत होते ते चुकत नव्हते.” तिला एवढंच हवं होतं. त्यानंतर ती पावसाळ्यात हातपंप वापरत नाही. आठवड्याला एकदा रेंजवर येते तेव्हा दोन सिलिंडरं भरून नेते.

याहून अवघड असतं मुदत संपलेलं सिलिंडर. बहुतेक कंपन्या वेपनाच्या सिलिंडराला दहा वर्षांचं आयुष्य देतात, महिना आणि वर्ष अंगावर कोरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय नियमांत तर सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकली आहे आणि तपासणीत ते बघितलं जाऊ शकतं. वापरलेली रायफल घेताना लोक नळी बघतात, ट्रिगर बघतात, हे वर्ष बघत नाहीत. मग ऊस गेल्यावर आलेले पैसे घालून घेतलेली रायफल एखादा बाप माझ्यापुढे ठेवतो आणि मला सांगावं लागतं की दादा, हे सिलिंडर मी भरणार नाही. “दिसायला तर नवं आहे,” ते म्हणतात. खरंच नवं दिसतं. बाहेरून कधीच कळत नाही. मोठ्या सिलिंडराला पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी करून पुढची तारीख मिळते. त्याचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. वेपनाच्या छोट्या सिलिंडराला ती सोय सहसा नसते. मी त्यांच्यासमोर हवा सोडतो आणि त्यांनी हो म्हटलं तर आटे कापून टाकतो, म्हणजे कुणी दुसरा भरणार नाही. नवं येईपर्यंत रेंजचं सिलिंडर देतो. ते त्यांच्या रायफलला बसलं तरच, कारण प्रत्येक कंपनीचे आटे निराळे. या कारणानं एखादं पोरगं घरी बसलेलं मला बघवत नाही, म्हणून निरनिराळ्या आट्यांची जुनी पण मुदतीतली सिलिंडरं मिळतील तिथून मी गोळा करत असतो.

स्पर्धेला विमानानं जाताना सिलिंडर रिकामं लागतं. रिकामं करतानाही शेवटपर्यंत भसकन सोडायचं नाही, आत गारवा धरतो आणि उघड्या तोंडानं दमट हवा आत शिरते. हळू सोडायचं आणि लगेच टोपण लावायचं. पोचल्यावर पहिली भरणी झाली की दहा-पंधरा गोळ्या मारून मगच सायट बघायची.

जिल्ह्याजिल्ह्यांत आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्यं येत आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण मागणीपत्रात लक्ष्यांच्या खाली कॉम्प्रेसरची एक ओळ असते आणि फिल्टरच्या नळ्यांची नसतेच. गेल्या मागणीत मी ती वेगळी लिहिली: जून ते सप्टेंबरसाठी नळ्यांचा दुप्पट साठा, दमटपणा दाखवणारं एक गेज, आणि तालुक्यातल्या ज्या पोरांच्या घरी हातपंप आहे त्यांच्यासाठी पंपाला लावायचे पाणी शोषणारे डबे. नळ्या मंजूर झाल्या. डब्यांसाठी पुन्हा अर्ज दिला आहे.